क्रिप्टो व्यवहारांवरील शुल्क : गोव्यातील वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात क्रिप्टो बाळगणाऱ्यांमध्ये माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण आहेत, जहाजावर किंवा आखातात नोकरीला असलेल्यांच्या घरची माणसे आहेत आणि किनारपट्टीवर पर्यटकांना खोल्या भाड्याने देणारेही आहेत. ‘फी फार कापली’ ही तक्रार सर्वांची सारखीच असली, तरी कापलेले पैसे प्रत्येक वेळी वेगळ्या खिशात गेलेले असतात. ते कोठे गेले हे न पाहता फी वाचवायला निघालेला माणूस बहुधा पाच रुपये वाचवतो आणि पाचशे सोडून देतो. पुढील उदाहरणांत हिशेबाच्या सोयीसाठी एका बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये आणि इथेरियम नेटवर्कचे नाणे असलेल्या एका ईथरचा अडीच लाख रुपये धरला आहे.

एका व्यवहारात नेमक्या किती प्रकारची कपात होते?

भारतीय एक्स्चेंजवर क्रिप्टो विकत घेऊन ते स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवले आणि पुढे कधीतरी विकले, तर साधारणपणे पाच ठिकाणी पैसे जातात. पहिले एक्स्चेंजचे व्यवहार शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी. दुसरा खरेदीच्या आणि विक्रीच्या भावातील फरक, जो पावतीवर कोठेही लिहिलेला नसतो. तिसरे क्रिप्टो बाहेर काढण्याचे शुल्क, जे एक्स्चेंज स्वतः ठरवते. चौथे नेटवर्कचे शुल्क, जे मायनर किंवा व्हॅलिडेटर यांना, म्हणजे व्यवहार तपासून नोंदवणाऱ्यांना, मिळते. आणि पाचवा विक्रीच्या वेळी कापला जाणारा १ टक्का टीडीएस, जो मुळात शुल्क नसून आगाऊ कर आहे.

यांपैकी बाजारात सर्वाधिक चर्चा चौथ्याची होते. मात्र वर्षाकाठी दोन-चार व्यवहार करणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराचे सर्वाधिक पैसे, माझ्या पाहण्यात, दुसऱ्या प्रकारात जातात. समजा, एखाद्या ॲपवर यूएसडीटी या डॉलरच्या भावाशी बांधलेल्या नाण्याचा खरेदी भाव ९१ रुपये आणि त्याच क्षणी विक्री भाव ८९ रुपये आहे. १,००० यूएसडीटी घेऊन लगेच विकले, तर ‘शून्य शुल्क’ असा फलक लावलेल्या त्या ॲपवर २,००० रुपये गेले. म्हणून रक्कम टाकण्यापूर्वी दोन्ही भाव शेजारी शेजारी पाहावेत, आणि जेथे ‘झटपट खरेदी’चे बटण व ऑर्डर-बुक (खरेदी-विक्रीच्या बोलींची यादी) असे दोन्ही मार्ग उपलब्ध असतात, तेथे ऑर्डर-बुकमध्ये आपला भाव लिहून लिमिट ऑर्डर लावावी. तिचे शुल्कही अनेक ठिकाणी कमी असते.

मी ५०० रुपयांचे बिटकॉइन पाठवले आणि मित्राने ५ लाखांचे. दोघांना शुल्क जवळपास सारखेच कसे लागले?

चोडणच्या फेरीबोटीत गाडी चढवताना ती किती जागा अडवते हे पाहिले जाते. डिकीत नारळ आहेत की दागिने, हे कोणी विचारत नाही. ज्यात व्यवहारांच्या नोंदी भरल्या जातात, त्या बिटकॉइनच्या ब्लॉकचेही तसेच आहे. साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, त्यातील जागा ठरलेली असते आणि शुल्क हे व्यवहाराच्या नोंदीने व्यापलेल्या जागेचे भाडे असते. फरक एवढाच की येथे भाड्याचा दरफलक नसतो. जो अधिक बोली लावेल त्याला आधी जागा मिळते आणि उरलेले ‘मेमपूल’ नावाच्या रांगेत थांबतात.

जागेचे माप ‘व्हर्च्युअल बाइट’ हे आहे आणि बोली दर बाइटमागे किती सातोशी अशी लावली जाते. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. म्हणजे आपल्या गृहीत भावाने एक सातोशी ८ पैशांचा. रांग रिकामी असताना दर बाइटमागे एक-दोन सातोशीतही काम होते. गर्दी झाली की हा दर किती चढू शकतो, हे २० एप्रिल २०२४ रोजी दिसले. त्या दिवशीच्या ८,४०,०००व्या ब्लॉकपासून मायनरचे बक्षीस निम्मे, म्हणजे ३.१२५ बिटकॉइन झाले आणि त्याच ब्लॉकपासून बिटकॉइनवर नवी नाणी (टोकन) काढण्याची ‘रून्स’ नावाची पद्धत सुरू झाली. तिच्यासाठी अशी झुंबड उडाली की त्या एका ब्लॉकमध्ये मायनरला केवळ शुल्कापोटी ३७ बिटकॉइनहून अधिक मिळाले.

दर बाइटमागचा दर कमी असूनही माझे शुल्क भरमसाट दिसते. असे का?

बहुधा वॉलेटमध्ये चिल्लर साठली आहे. बिटकॉइनमध्ये खात्यावर एकच शिल्लक रक्कम नसते. आपल्याला जितक्या वेळा पैसे आले, तितके वेगवेगळे तुकडे वॉलेटमध्ये पडून असतात आणि पाठवताना जेवढे तुकडे जोडावे लागतील, तेवढी नोंद लांबते.

हिशेब जवळून पाहू. आधुनिक पद्धतीच्या पत्त्यावरील एक तुकडा वापरण्यासाठी सुमारे ६८ बाइट, पाठवण्याच्या प्रत्येक पत्त्यासाठी ३१ बाइट आणि वरचा साचा सुमारे साडेदहा बाइट लागतो. एक तुकडा वापरून एकाला पैसे पाठवले आणि उरलेली मोड स्वतःकडे परत घेतली, तर नोंद १४१ बाइटची होते. म्हापशातील एखाद्या संकेतस्थळ बनवणाऱ्याने परदेशी ग्राहकांकडून वीस वेळा थोडेथोडे बिटकॉइन घेतले असेल आणि ते सगळे तुकडे जोडून एकाला पाठवून मोड परत घ्यायची असेल, तर तीच नोंद सुमारे १,४३३ बाइटची होते. दर बाइटमागे ५ सातोशी असताना पहिल्याला ५६ रुपये लागतील आणि दुसऱ्याला ५७३. दर १०० सातोशी झाला, तर पहिल्याला सुमारे १,१२८ आणि दुसऱ्याला ११,४६४ रुपये मोजावे लागतील.

यावरचा उपाय म्हणजे दर पडलेले असताना हे सारे तुकडे स्वतःच्याच एका पत्त्यावर पाठवून त्यांचा एक मोठा तुकडा करून ठेवणे. घाई नसतानाच हे करावे. गर्दीच्या दिवशी याचा विचारही करू नये. मात्र सारे तुकडे एकत्र आले की ते एकाच व्यक्तीचे आहेत, हे ब्लॉकची सार्वजनिक साखळी (ब्लॉकचेन) तपासणाऱ्या कोणालाही कळते. ज्यांना हे नको असेल, त्यांनी सगळे तुकडे एका ठिकाणी आणू नयेत.

उलट दिशेनेही बचत होते. दहा जणांना वेगवेगळे पैसे पाठवल्यास दहा नोंदींचे मिळून १,४१० बाइट होतात. तेच दहा पत्ते एका व्यवहारात लिहिले, तर सुमारे ४२० बाइटमध्ये भागते. बहुतेक चांगल्या वॉलेटांत ‘प्राप्तकर्ता जोडा’ असा पर्याय असतो, पण तो फारसा कोणी उघडून पाहत नाही.

पत्त्याच्या प्रकाराने फरक पडतो का?

पडतो. १ या अंकाने सुरू होणारे पत्ते जुन्या पद्धतीचे आहेत आणि त्यांवरील पैसे खर्च करताना सर्वाधिक जागा लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट ही सुधारणा लागू झाल्यावर ‘बीसी१क्यू’ने सुरू होणारे पत्ते आले. तोच साधा व्यवहार जुन्या पत्त्यावरून केल्यास २२६ बाइट आणि नव्यावरून १४१ बाइट लागतात. म्हणजे काहीही न करता सुमारे ३८ टक्के बचत होते. नोव्हेंबर २०२१ च्या टॅपरूट सुधारणेनंतरचे ‘बीसी१पी’ पत्तेही स्वस्त आहेत.

कमी शुल्क लावले आणि व्यवहार अडकला. पैसे बुडाले का?

नाही. ब्लॉकमध्ये नोंद होईपर्यंत पैसे आपल्या पत्त्यावरून हललेलेच नसतात. बिटकॉइनच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये असा व्यवहार मूळ सेटिंगनुसार दोन आठवड्यांनी रांगेतून गळतो. तेवढा धीर नसेल, तर दोन मार्ग आहेत. पाठवणाऱ्याला तोच व्यवहार अधिक शुल्क लावून पुन्हा पाठवता येतो. वॉलेटमध्ये यासाठी ‘शुल्क वाढवा’ असे बटण असते. पैसे ज्याला मिळायचे आहेत तो अडला असेल, तर तो न पोचलेल्या त्याच पैशांतून स्वतःला एक नवा व्यवहार करू शकतो आणि त्यावर जास्त शुल्क लावू शकतो. मायनरला हे नवे शुल्क हवे असेल, तर आधीचा व्यवहारही घ्यावाच लागतो. मात्र एक्स्चेंजमधून पाठवलेल्या पैशांवर आपला हात चालत नाही. तेथे त्यांच्या ग्राहक सेवेकडेच जावे लागते.

इथेरियममधील गॅस म्हणजे काय आणि तो कसा मोजतात?

गॅस हे संगणकीय श्रमांचे माप आहे. नुसते ईथर पाठवायला २१,००० गॅस लागतो. यूएसडीटीसारखे टोकन पाठवायला साधारण ४५,००० ते ६५,००० लागतो, आणि एका टोकनच्या बदल्यात दुसरे घ्यायचे असेल, तर आकडा सव्वा-दीड लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो. हा आकडा गॅसच्या दराने गुणायचा. दर ‘ग्वेई’मध्ये असतो आणि एका ईथरचे १०० कोटी ग्वेई होतात. दर २० ग्वेई असेल, तर ईथर पाठवायला ०.०००४२ ईथर, म्हणजे १०५ रुपये. टोकन पाठवायला सुमारे ३२५ रुपये. आणि दीड लाख गॅसच्या अदलाबदलीला ७५० रुपये लागतात.

५ ऑगस्ट २०२१ च्या लंडन सुधारणेपासून या दराचे दोन भाग झाले आहेत. मूळ दर नेटवर्क स्वतः ठरवते आणि ती रक्कम कोणालाही न मिळता कायमची नष्ट होते; त्यावरची बक्षिसी व्हॅलिडेटरला मिळते. मूळ दर प्रत्येक ब्लॉकमागे जास्तीत जास्त साडेबारा टक्क्यांनी चढतो. हे ऐकायला थोडे वाटते, पण ब्लॉक बारा सेकंदांचा असल्यामुळे सलग दहा ब्लॉक भरगच्च गेले, तर दोन मिनिटांत दर सव्वातीनपट होतो. वॉलेटमध्ये ‘कमाल शुल्क’ असा जो रकाना असतो, तेथे थोडा वरचा आकडा लिहिण्यात तोटा नाही, कारण मूळ दर आणि बक्षिसी मिळून होणाऱ्या रकमेपेक्षा जास्त पैसे घेतले जात नाहीत. कात्री लावायची असेल, तर ती बक्षिसीला लावावी.

सप्टेंबर २०२२ च्या ‘मर्ज’नंतर, म्हणजे इथेरियमने मायनरऐवजी व्हॅलिडेटर आणल्यानंतर, शुल्क उतरेल अशी अनेकांची समजूत होती. त्या बदलाने विजेचा वापर प्रचंड घटला. ब्लॉकमधील जागा वाढली नाही, म्हणून शुल्कही त्यामुळे उतरले नाही.

व्यवहार अयशस्वी झाला, तरी शुल्क का कापले?

कारण व्हॅलिडेटरने काम केलेले असते. गॅसची मर्यादा कमी ठेवली आणि ती अर्ध्या वाटेत संपली, तर व्यवहार मागे फिरतो, पण खर्च झालेला गॅस परत मिळत नाही. म्हणूनच गॅसची मर्यादा खाली आणून पैसे वाचत नाहीत, दर खाली असताना व्यवहार केल्याने वाचतात. न वापरलेला गॅस आपोआप परत येतो.

वॉलेटमध्ये ३०० यूएसडीटी आहेत, पण पाठवता येत नाहीत. ‘शिल्लक अपुरी’ असा संदेश येतो.

शुल्क त्या त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यात भरावे लागते. यूएसडीटी इथेरियमवर असेल तर ईथर, ट्रॉनवर असेल तर ट्रॉन आणि पॉलिगॉनवर असेल तर पॉल थोडेफार वॉलेटमध्ये असायलाच हवे. यूएसडीटी मागवण्याआधीच हे नाणे घेऊन ठेवावे.

दिवसातील कोणत्या वेळी शुल्क कमी असते?

इथेरियमवरील गर्दी बऱ्याच अंशी अमेरिकेच्या कामाच्या वेळेबरोबर चालते. तेथील शेअर बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात किंवा, त्यांच्या हिवाळ्यात, आठ वाजलेले असतात. त्यामुळे ऑफिसातून घरी येऊन, जेवणानंतर निवांतपणे व्यवहार करण्याची आपल्याकडची सवय नेमकी महागड्या वेळेत येते. सकाळी, त्यातही रविवारी सकाळी, दर बहुधा उतरलेला असतो. तथापि २०२१ मध्ये १०० ग्वेईचा दर सर्रास दिसे, तेव्हा या थांबण्याला जितका अर्थ होता, तितका आता उरलेला नाही; २०२५ मध्ये अनेक दिवस दर ५ ग्वेईच्याही खाली होता. शंभर-दोनशे रुपयांच्या व्यवहारात दहा रुपये वाचवण्यासाठी झोपमोड करू नये.

आर्बिट्रम, बेस, ऑप्टिमिझम यांसारख्या दुसऱ्या थरावरील नेटवर्कवर जावे का?

वारंवार छोटे व्यवहार करणाऱ्यांनी जरूर जावे. ही नेटवर्के असंख्य व्यवहार आपल्याकडे उरकतात आणि त्यांचा गोळा करून इथेरियमवर नोंदवतात, त्यामुळे भाडे सर्वांत वाटले जाते. १३ मार्च २०२४ च्या डेनकुन सुधारणेत अशा नोंदींसाठी ‘ब्लॉब’ नावाची स्वतंत्र आणि स्वस्त जागा मिळाली आणि या नेटवर्कांवरील शुल्क बऱ्याच ठिकाणी काही पैशांवर आले.

खरा खर्च जाण्या-येण्याचा असतो. इथेरियमवरून पुलाने, म्हणजे एका नेटवर्कवरील नाणी दुसऱ्यावर नेणाऱ्या सेवेने, तेथे जायचे म्हणजे इथेरियमचा गॅस भरावाच लागतो, आणि व्यवहार खरे मानून हरकतीसाठी मुदत ठेवणाऱ्या ‘ऑप्टिमिस्टिक’ पद्धतीच्या नेटवर्कवरून अधिकृत पुलाने परत यायला सुमारे सात दिवस लागतात. लवकर हवे असेल, तर खाजगी पूल स्वतःचे वेगळे शुल्क घेतात. आपले एक्स्चेंज त्या नेटवर्कवर थेट क्रिप्टो पाठवत असेल, तर हा सारा वळसा वाचतो. म्हणून एक्स्चेंज निवडताना व्यवहार शुल्काइतकेच हेही पाहावे.

भाऊ जहाजावर आहे. तो यूएसडीटी पाठवणार आहे. स्वस्त नेटवर्क कोणते?

प्रथम पाहायचे ते हे की दोन्ही टोकांना चालणारे नेटवर्क कोणते. भावाने ट्रॉनवर पाठवले आणि आपल्या एक्स्चेंजने दिलेला पत्ता दुसऱ्या नेटवर्कचा असला, तर शुल्कातील बचत राहील बाजूला आणि मुद्दलच अडकेल. पहिल्या वेळी दहा-वीस यूएसडीटी पाठवून ते पोचल्याची खात्री करावी; त्या एका जादा शुल्काचे वाईट वाटू देऊ नये. एक्स्चेंजने मेमो किंवा टॅग (आपले खाते ओळखण्याचा क्रमांक) दिला असेल, तर तोही लिहावा.

ट्रॉनवर यूएसडीटी पाठवण्याची पद्धत जगभर रुळलेली आहे, पण ती दरवेळी स्वस्त असतेच असे नाही. तेथे गॅससारखी ‘एनर्जी’ लागते आणि ती नसल्यास ट्रॉन नाणी जाळून शुल्क भरले जाते. ज्या पत्त्यावर आधी कधीच यूएसडीटी नव्हते, त्यावर पाठवताना हा खर्च जवळपास दुप्पट होतो. सोलानाचे मूळ शुल्क एका सहीमागे ०.०००००५ सोल, म्हणजे नगण्य आहे.

परदेशातील कमाई घरी आणण्याचा बँकेचा मार्ग अधिक कागदी असला, तरी त्याची नोंद स्वच्छ राहते. क्रिप्टोच्या मार्गाने परकीय चलन कायद्याचे प्रश्न उभे राहतात आणि ते वाचलेल्या शुल्कापेक्षा महाग पडू शकतात. मोठी रक्कम असेल, तर आधी सनदी लेखापालांना विचारावे.

मोरजीत आमची खोली भाड्याने असते. परदेशी पाहुणा भाडे यूएसडीटीत देऊ म्हणतो. शुल्क कोणी सोसायचे?

नेटवर्कचे शुल्क नियमाने पाठवणाऱ्याकडूनच जाते. पण पाहुण्याने एक्स्चेंजवरून पाठवले, तर बाहेर काढण्याचे शुल्क त्याच रकमेतून वजा होऊन आपल्याला कमी पोचते. म्हणून ‘हातात एवढे पडले पाहिजेत’ असा आकडा आधीच सांगावा. पुढे ते रुपयांत आणताना विक्रीचा भावफरक, एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी आणि टीडीएस हे सारे यजमानाच्या वाट्याला येते. भाड्याचे उत्पन्न ज्या दिवशी यूएसडीटी मिळाले, त्या दिवसाच्या भावाने दाखवावे लागते, ते वेगळेच. शक्य असेल तर रुपयांतच भाडे घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

लायटनिंग नेटवर्क आपल्या कामाचे आहे का?

लायटनिंग म्हणजे मूळ साखळीबाहेर, दोघांत उघडलेल्या ‘चॅनल’मधून बिटकॉइन देण्या-घेण्याची सोय. बिटकॉइनमध्ये वारंवार छोटी देणी असतील तर ती कामाची आहे, कारण तेथील शुल्क बहुधा काही सातोशींतच भागते. वर्षातून एकदा बिटकॉइन घेऊन ठेवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही; चॅनल उघडायला आणि बंद करायला मूळ साखळीचे शुल्क लागतेच.

हे सारे शुल्क प्राप्तिकरात नफ्यातून वजा करता येते का?

येत नाही, आणि शुल्काच्या प्रश्नात सर्वाधिक दुर्लक्षित बाब हीच आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणावरील नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, आणि वजावट केवळ खरेदी किमतीची मिळते. एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही. १,००,००० रुपयांचे नाणे १,२०,००० रुपयांना विकले आणि पाठवण्या-विकण्याच्या खटपटीत ३,००० रुपये शुल्क गेले, तर हातात १७,००० आले तरी कर २०,००० वर, म्हणजे ६,२४० रुपये भरावा लागतो. याचा अर्थ, वाचवलेला शुल्काचा प्रत्येक रुपया हा करानंतरचा पूर्ण रुपया असतो.

१ जुलै २०२२ पासून लागू झालेला १ टक्का टीडीएस विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. तरीही घाऊक घेणे-विकणे करणाऱ्याला तो जाचक आहे. एक लाख रुपये दहा वेळा फिरवले, तर भाव तिळमात्र न हलताही सुमारे ९,५०० रुपये विवरणपत्राचा निकाल लागेपर्यंत अडकून पडतात. स्वतःच्या एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्यात नाणी हलवणे ही विक्री नव्हे; पण त्याची नोंद तारीख आणि व्यवहार क्रमांकासह ठेवावी.

‘तुमचे पैसे सोडवण्यासाठी आधी नेटवर्क फी जमा करा’ असा संदेश आला आहे. भरावी का?

भरू नये. नेटवर्कचे शुल्क पाठवणाऱ्याच्या वॉलेटमधून, त्याच व्यवहारात, आपोआप जाते. ते कोणाच्या खात्यात किंवा पत्त्यावर वेगळे जमा करावे लागत नाही. पडद्यावर लाखोंचा नफा दाखवून ते काढण्यासाठी गॅस, कर किंवा पडताळणीच्या नावाने पैसे मागणे, ही ठरलेली फसवणूक आहे आणि एकदा भरले की दुसरे कारण पुढे येते. पैसे आधीच गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी आणि व्यवहार क्रमांक, पत्ता व संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावीत. बुडालेले पैसे शुल्क घेऊन परत मिळवून देतो म्हणणारा जो दुसरा माणूस काही दिवसांनी संपर्क साधतो, त्यालाही काही देऊ नये. तो बहुधा त्याच टोळीतला असतो.